बटण, काटा आणि खंबाटकीचा उतार

ऑटोमॅटिक गाडीत शिकण्यासारखं काही नसतं, असं मला सगळ्यांनीच सांगितलं. ‘डी’त टाकायची आणि जायचं. एवढं सांगून झाल्यावर मात्र प्रत्येकाने एकेक सूचना दिली, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन सूचना एकमेकींशी जुळेनात. धाकटा भाऊ म्हणाला, “तायडे, ते ओ/डीचं बटण घाट सोडून कुठेही दाबायचं नाही.” ऑफिसातले एक साहेब म्हणाले, “गावात ते ऑफच ठेवा मॅडम, गिअर कमी बदलतो, पेट्रोल वाचतं.” ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांचं म्हणणं, सिग्नलला न्यूट्रल केलंच पाहिजे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, सारखं न्यूट्रल-ड्राइव्ह केलं तर गिअरबॉक्स बसेल. आणि शेजारचे तात्या, ज्यांचं आयुष्य एसटीच्या स्टिअरिंगमागे गेलं, त्यांनी गाडीत डोकावून एकच शेरा मारला : “क्लचच न्हाई? मंग वैनी, ही पेट्रोल पिनारच.”

गाडी भावाची. त्याने नवी घेतली, जुनीला एक्स्चेंजमध्ये फारच कमी भाव देत होते, म्हणून ती कोथरूडहून साताऱ्याला माझ्या दारात आली. चौदाशे सीसीचं पेट्रोल इंजिन आणि चार गिअरचा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेल्या बाईला ही पर्वणीच होती. क्लच सोडताना होणारी ती धडधड नाही, समर्थ मंदिराच्या चढावर मागे सरकायची भीती नाही. डावा पाय चक्क बेकार.

पण दांड्याशेजारची अक्षरं बघून मी गोंधळले. वरून खाली पी, आर, एन, डी, २ आणि एल. ‘डी’ म्हणजे ड्राइव्ह. ठीक. मग २ आणि एलमध्ये गाडी काय चालवली जात नाही? एका रांगेत अक्षरं लावता लावता मधेच आकडा का? आणि दांड्याच्या बगलेत, अंगठ्याखाली, ते बटण. ते दाबलं की डॅशबोर्डावर दिवा लागतो आणि त्यात लिहिलेलं असतं ‘ओ/डी ऑफ’. म्हणजे काहीतरी बंद झालं हे सांगायला दिवा चालू होतो. नोकरी लेखा विभागात झाल्यामुळे असली उलटी नोंद दिसली की मला स्वस्थ बसवत नाही.

त्यातून पेट्रोल शंभरीपार. गाडीच्या जाहिरातीत कधीकाळी लिटरला १९ किलोमीटरच्या वरचा आकडा होता, हे भाऊ अभिमानाने सांगायचा. मी टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा खटकन बंद पडेल तिथेच थांबायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा तसंच भरायचं, अशी वही सुरू केली. पंपावरची पोरं “मॅडम, राउंड फिगर करू का?” विचारायची. राउंड फिगरने हिशेबाचं वाटोळं होतं, हे त्यांना समजावणं हा वेगळाच उद्योग. वहीतला पहिला आकडा आला साडेअकराच्या आसपास. १९ कुठे आणि साडेअकरा कुठे! घोटाळा गाडीत आहे, रस्त्यात आहे, की त्या अक्षरांत, हे शोधायला मी बसले.

सुरुवात गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेपासून. तिच्यातल्या दर पानावरच्या धोक्याच्या सूचना ओलांडत ओलांडत एवढं हाती लागलं : ‘डी’मध्ये चारही गिअर गाडीला मोकळे. बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद केला की तिसऱ्यापर्यंतच. ‘२’वर ठेवलं तर दुसऱ्याच्या वर जायचं नाही. ‘एल’ म्हणजे फक्त पहिला. दांडा गिअर टाकत नसतो. कुठवर जायची मुभा आहे तेवढं सांगतो, आणि त्या मुभेत कोणता गिअर कधी घ्यायचा ते गाडी आपलं आपण ठरवते. ओव्हरड्राइव्ह म्हणजे आमच्या गाडीतला चौथा. तिसऱ्यात इंजिनाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याचाही बरोबर एक फेरा होतो. चौथ्यात इंजिनाचे साधारण सत्तर फेरे झाले की त्याचे शंभर झालेले असतात. इंजिन निवांत, चाकं पुढे.

हे वाचून कळलं, पण पटलं ते वाढे फाट्यापुढे हायवेला लागल्यावर. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, गाडी ८० वर स्थिर. इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटरचा काटा दोन हजारांच्या जरासा वर. बटण दाबलं. गाडीचा वेग तोच, पण काटा उडी मारून तीन हजारांना टेकला आणि इंजिनाचा आवाज चढला. पुन्हा दाबलं, काटा खाली. त्या काट्याकडे मी तोवर शोभेची वस्तू म्हणून बघत होते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. सुट्टीत आला तेव्हा त्याने गणित करून दाखवलं. चार सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. दोन हजार फेऱ्यांना मिनिटाला चार हजार स्फोट, तीन हजारांना सहा हजार. “पण आत्या, याचा अर्थ पेट्रोल दीडपट लागतं असा नाही,” तो म्हणाला. ८० ने जाताना वारा जेवढा अडवतो तेवढाच अडवणार, टायर जेवढे घासतात तेवढेच घासणार; त्यासाठी लागणारी ताकद कुठल्याही गिअरमध्ये सारखीच. म्हणून जास्त स्फोटांमधला प्रत्येक स्फोट लहान असतो. तोटा होतो तो दुसरीकडे. पिस्टन जास्त वेळा वरखाली घासतात. आणि पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी हवा अडवणारी एक झडप असते, थ्रॉटल. वेगाने फिरणाऱ्या इंजिनाकडून थोडंच काम हवं असलं की ती जवळजवळ मिटलेली राहते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती वाया जाते. सावकाश फिरणाऱ्या इंजिनाची झडप जास्त उघडी राहते, श्वास मोकळा होतो. त्या वर्णनाने मला आमच्या ऑफिसातली अर्धवट उघडी खिडकी आणि तिच्यासमोरची रांग आठवली, पण ते असो.

वहीने हे खरं ठरवलं. सातारा-पुणे-सातारा, सपाट भागात ८०च्या आसपास, चौथा मोकळा ठेवून १७-१८. मग मुद्दाम बटण दाबून केलेल्या फेरीला १५च्या आत. ऑफिसातल्या साहेबांचा सल्ला हायवेवर साफ बुडीत.

गावात मात्र तो निम्मा खरा निघाला, आणि गंमत म्हणजे भलत्याच कारणाने. राजपथावर नाहीतर पोवई नाक्याच्या गर्दीत गाडी चौथ्यात जातेच कुठे? तिथे बटण दाबलं काय आणि सोडलं काय, वहीत फरक पडेना. फरक जाणवला तो ४५-५० च्या वेगाने चढउताराच्या रस्त्यावर, जिथे गाडीला तिसरा की चौथा हे ठरवता येत नाही. जरा चढ आला की तिसऱ्यात, जरा सपाटी की चौथ्यात, पुन्हा तिसऱ्यात. अशा वेळी बटण दाबून तिला तिसऱ्यात बसवलं की ती घालमेल थांबते. त्याने पेट्रोल वाचतं म्हणून मी छातीठोकपणे सांगणार नाही. डोकं शांत राहतं.

मग गावात साडेअकरा का? याचं उत्तर गिअरबॉक्सच्या पुढ्यात बसवलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये होतं. माझा आडवा-उभा गोंधळ झाला तो इथे. क्लच नाही, तर मग गाडी ‘डी’त उभी असताना, चाकं जागच्या जागी आणि इंजिन फिरत असताना, इंजिन बंद कसं पडत नाही? भाच्याने दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले, एकच लावला. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागली. दुसऱ्याची पाती धरून ठेवली तरी पहिला चालूच. इथे हवेच्या जागी तेल. इंजिन एका पंख्याने तेल भिरकावतं, ते गिअरबॉक्सकडच्या पंख्यावर आपटून त्याला फिरवतं, आणि दोघांमध्ये तिसरा एक छोटा पंखा परतणाऱ्या तेलाला वळण देऊन जोर वाढवतो. म्हणूनच गाडी हलक्या हाताने, न धडधडता निघते. आणि म्हणूनच इंजिनाचे सगळे फेरे पुढे पोचत नाहीत. काही तेल तापवण्यात जातात.

ही कल्पना हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनीअरची, १९०५ मधली, आणि तीही मोटारींसाठी नव्हे, जहाजांसाठी. मोटारीत तेलाची जोडणी मोठ्या प्रमाणावर आली ती १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमधल्या ‘हायड्रा-मॅटिक’मधून. त्यातल्या गळतीवर तोडगाही फार उशिरा आला असं नाही. १९४९ मध्ये पॅकार्डने वेग स्थिरावला की दोन्ही बाजू थेट जखडून टाकणारा क्लच आतच बसवला. त्याला म्हणतात लॉक-अप. पण पेट्रोल स्वस्त असताना या हिशेबाची फारशी कुणाला पडलेली नव्हती. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकन गाड्यांमध्ये लॉक-अप आणि ओव्हरड्राइव्ह दोन्हींचं महत्त्व वाढलं. माझ्या अंगठ्याखालचं ते बटण त्या टंचाईच्या काळाचं देणं आहे, हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल जरा आदर वाटू लागला.

लॉक-अप आपल्याही गाडीत आहे हे कळल्यावर मी ते शोधत बसले. सापडलं. चौथा पडून गेल्यावर, पाय स्थिर ठेवला, की थोड्या वेळाने काटा आणखी एकदा, दोनेकशे फेऱ्यांनी, हळूच खाली बसतो. तोवर मला वाटायचं की गाडीला पाचवा गिअर आहे आणि भावाला त्याचा पत्ता नाही. साताऱ्यात घर ते मंडई, मंडई ते बँक, बँक ते घर एवढ्यात ते जखडणं कधी होतच नाही. त्यातून इंजिन थंड असलं तर गाडी चौथा आणि लॉक-अप दोन्ही उशिरा देते. म्हणजे गावातला माझा सगळा प्रवास तेलातच. जाहिरातीतल्या आकड्याची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांच्या आलेखानुसार होते. भावाच्या घरामागच्या टेकडीवरची एआरएआय ही ती करणारी संस्था. आपल्याकडच्या त्या आलेखात जास्तीत जास्त वेग ९०, एसी बंद, चढ नाही, वारा नाही, रस्त्यात आडवी येणारी म्हैस नाही. साडेअकरा आणि १९ या दोन्ही आकड्यांवर माझा आता राग नाही. दोघांचे रस्ते वेगळे.

या सगळ्यापेक्षा मोठी सेटिंग मात्र दांड्यावर नव्हतीच. ती उजव्या पायाखाली होती. गिअर कधी बदलायचा हे गाडी दोन गोष्टींवरून ठरवते : वेग किती आणि पाय किती दाबलाय. पाय दाबून ठेवला तर तिला वाटतं बाईंना घाई आहे, मग ती दुसऱ्यातच काटा साडेतीन-चार हजारांवर नेते. पाय जरा सैल केला की लगेच वरचा गिअर. मॅन्युअलमध्ये आपण हाताने जे करतो ते इथे पायाने कळवायचं असतं, आणि हे मला एकाही शिकवणाऱ्याने सांगितलं नाही. पोवई नाक्यावरून निघताना गाडी ३० च्या पुढे गेली की पाय किंचित उचलायचा. ती हूं म्हणते आणि गिअर वर जातो. एवढ्या एका सवयीने गावातला आकडा तेराच्या जवळ आला. बटणाने गावात एवढं कधी केलं नव्हतं.

उलट टोक पाहिलं ते पुण्याहून येताना, खंबाटकीच्या चढावर. पुढे उसाचा ट्रक. ओलांडायला म्हणून पाय पूर्ण दाबला. गाडीने एकदम खालचा गिअर घेतला, इंजिन किंचाळलं, काटा पाच हजारांकडे, आणि डॅशबोर्डावरची त्या क्षणाचा अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी डावीकडे आटून गेली. याला किक-डाउन म्हणतात, आणि ओलांडायचं असेल तर तो हवाच. तिथे पेट्रोल मोजत बसणं जिवाशी खेळ. पण वळणावर ट्रकमागेच राहायचं असेल, तर पाय एकसारखा ठेवून ओ/डी बंद करून चढलेलं बरं. गाडी वर उचलायला लागणारं काम कमी होत नाही. निदान तिसरा-चौथा-तिसरा हा खेळ आणि त्यात सुटणारं-जखडणारं लॉक-अप तरी थांबतं.

आता उतार. इथे मी पुरती चक्रावले.

साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की खाली खंडाळ्याकडे उतार लागतो आणि त्यात ते बदनाम इंग्रजी ‘एस’ आकाराचं वळण. गाडी शिकण्याआधी मी असंख्य वेळा पाहिलं होतं : कुणाच्याही गाडीत बसा, उतार आला की दांडा न्यूट्रलला. “फुकटात चाललीय, इंजिन कशाला फिरवायचं?” नवले पुलाकडच्या उतारावरच्या अपघातांच्या बातम्यांमध्ये ‘गाडी न्यूट्रलमध्ये होती’ हे शब्द पुन्हा पुन्हा वाचूनही लोकांचा हात त्याच दिशेने जातो. माझ्याही मनाला ते तर्काचंच वाटे. न्यूट्रलमध्ये इंजिन आठशे फेऱ्यांवर, गिअरमध्ये बावीसशेवर. कमी फेरे म्हणजे कमी पेट्रोल, हे मीच तर हायवेवर शिकले होते.

तात्यांना पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून ते शेजारी बसले होते. बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी विचारलं, “वैनी, हितं काय करता?”

“डीमध्येच ठेवते, ब्रेक लावत जाते.”

“ब्रेकवर उतरू नका. गाडी इंजिनावर उतरवायची. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, ह्ये एसटीत पयल्या दिवशी शिकवत्यात. तुमचं त्ये बटन दाबा बगू.”

दाबलं. काटा वर गेला, गाडी आवरून चालल्यासारखी झाली. ६० च्या आत, ब्रेकला फारसा हात न लावता, पायच म्हणा, आम्ही खाली उतरलो. मी मनात पेट्रोलचे पैसे मोजत होते. तात्यांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “वर त्याल जळत न्हाई. आमच्या बशीला डिझेलचा पंप मिटतो, पाय काडला की.” मला वाटलं, म्हातारे आपली बाजू सावरतायत.

डॅशबोर्डाची पट्टी या वादात निकाल देईना. उतारावर पाय काढलेला असला की ती उजव्या टोकाला चिकटून बसते. इंजिन थोडं पेट्रोल पीत असलं तरी वेग असल्यामुळे अ‍ॅव्हरेज प्रचंड दिसणार, आणि अजिबात पीत नसलं तरी टोकापुढे पट्टीला जागा नाही. थोडं आणि शून्य यांतला फरक तिला दाखवता येत नाही. लेखापालाच्या दृष्टीने हे उपकरण नापास.

शेवटी भाचा कामाला आला. स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, एक खाचा असतो, ओबीडी नावाचा. गॅरेजवाले त्यात मशीन जोडून गाडीची कुंडली वाचतात. त्याने त्यात अंगठ्याएवढं यंत्र खोचलं आणि मोबाइलवर आकडे उमटू लागले. घरासमोर उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, इंजिन नुसतं घरघरत असताना तासाला पाऊण लिटरच्या आसपास. मग तो शेजारी मोबाइल धरून बसला आणि आम्ही यवतेश्वरचा घाट उतरलो. ओ/डी बंद, पुढे वळणं घट्ट आली तसं ‘२’वर, पाय वर. पडद्यावर इंधनाच्या ओळीत शब्द उमटले : वेग कमी होत असल्यामुळे फ्युएल कट. इंजिन अडीच हजारांवर फिरतंय आणि इंजेक्टर बंद. पेट्रोलच जात नाही.

मी दोनदा विचारलं, मग फिरतंय कशावर? चाकांवर. उतार चाकांना ढकलतो, चाकं गिअरबॉक्समधून उलटं इंजिनाला फिरवतात. गाडीतल्या कॉम्प्युटरला दिसतं की पाय उचललेला आहे, इंजिन पुरेसं फिरतंय, तर पेट्रोल द्यायचं कारण नाही. फेरे घसरत निष्क्रिय वेगाच्या जवळ आले की इंजिन बंद पडू नये म्हणून इंजेक्टर पुन्हा उघडतात. न्यूट्रलमध्ये नेमकं हेच घडतं : चाकांशी नातं तुटलं, आता स्वतःला जागं ठेवायला इंजिनाला पेट्रोल लागणार. आणि चौथ्यातही पुष्कळदा तसंच, कारण सावकाश उतरताना लॉक-अप सुटतं, तेलातून उलटा जोर नीट पोचत नाही, काटा खाली घसरतो, पेट्रोल पुन्हा सुरू. म्हणजे जे बटण सपाटीवर दाबल्याने वहीतले दोन-तीन किलोमीटर कापले जात होते, तेच घाट उतरताना दाबलं की इंजिन उपाशी चालत होतं. वर त्या वेळी एसीचा कॉम्प्रेसरही त्याच चाकांच्या जोरावर फिरतो. यवतेश्वरच्या उतारावरचा गारवा फुकटचा.

भाच्याने एक पाचर मारून ठेवली, ती नोंदवायला हवी. उतार अगदी हलका असेल, गाडी आपसूक वेग धरून राहील एवढाच, तर गिअरमधलं इंजिन तिला मागे ओढतं आणि मग आपल्याला पाय द्यावा लागतो. तिथे कागदावर तरी न्यूट्रल कमी पिईल. जिथे नाहीतरी ब्रेक लावावा लागणार, तिथे गिअरमध्येच उतरणं फायद्याचं. मात्र कागदावरच्या त्या फायद्यासाठी हलत्या ऑटोमॅटिकचा दांडा न्यूट्रलला नेण्याची माझी तयारी नाही. गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन आठशेवर आणि आतले गिअर चाकांच्या वेगाने फिरतायत, हे त्या तेलाला परवडणारं नाही. म्हणूनच बंद पडलेली ऑटोमॅटिक, ओढणारी चाकं जमिनीवर ठेवून लांबवर टो करू नका असं पुस्तिकेत ठळक छापलेलं असतं. शिवाय घाटात इंजिनाचा आधार सोडून नुसत्या ब्रेकवर विसंबायचं, ते तापून निकामी व्हायला लागले की काय करायचं, हे तात्यांना विचारा. ते त्यांच्या काळातला कात्रज सांगायला लागतात आणि चहा गार होतो.

सिग्नलला न्यूट्रल? साताऱ्यात हा प्रश्नच लहान. पुण्यात ओबीडी लावून बघितलं : ब्रेक दाबून ‘डी’त उभं असताना, पंख्याची पाती धरून ठेवल्यासारखं असल्यामुळे, इंजिनाला न्यूट्रलपेक्षा जरासा जास्त घास लागतो. फरक इतका थोडा की पाच-दहा सेकंदांच्या थांब्याला हात हलवण्याइतकाही नाही. सिग्नलचा आकडा नव्वदवरून मोजत असेल तर सरळ ‘पी’ करून इंजिनच बंद. सर आणि गॅरेजवाला, दोघांनाही मी अर्धे अर्धे गुण दिले.

एवढं झाल्यावर नात्यातल्या सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांत मला तज्ज्ञ म्हणून बसवायला लागले, आणि तिथे माझं सगळं ज्ञान आपटलं. चुलतबहिणीची एएमटी. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरच नाही. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, साधा क्लच, फक्त ते दाबायचं-बदलायचं काम यंत्र करतं. तेलाची गळती नाही म्हणून अ‍ॅव्हरेजही मॅन्युअलच्या बरोबरीचा. २०१४ मध्ये सेलेरियो या बॉक्ससह आली तेव्हा दोन्ही प्रकारांचा जाहीर आकडा एकच होता, लिटरला २३.१. चढावर ब्रेक सोडला की मागे सरकते, हेही मॅन्युअलसारखंच. भावाची नवी गाडी सीव्हीटी. तिच्यात गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि एक पट्टा, पुल्यांची रुंदी बदलत राहते. काट्याकडे बघून गिअर ओळखायची माझी विद्या तिथे शून्य. तिला ‘एस’ आहे, तो फेरे चढे ठेवतो आणि पेट्रोल खातो. आणि ‘इको’चं हिरवं बटण आहे, जे दाबल्यावर भावाला वाटतं की पैसे साठतायत. ते बटण करतं एवढंच की पाय दाबला तरी गाडी सावकाश ऐकते आणि एसी जरा आखडता घेते. ज्याचा पाय मुळातच सैल आहे त्याला त्यातून फार काही मिळत नाही. हे भावाला सांगितल्यापासून तो मला अ‍ॅव्हरेज विचारत नाही.

तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. परतताना स्वारगेटला एसटीची ‘शिवाई’ उभी दिसली. पुणे-नगर मार्गावर २०२२च्या जूनपासून धावू लागलेली ही विजेवरची बस. मी त्यांना सांगितलं, तिला क्लच नाही, तुमच्यासारखे गिअरही बदलायचे नाहीत, आणि उतारावर पाय काढला की चाकंच मोटरला फिरवून बॅटरी भरतात.

“भरत्यात?”

“हो तर. आमच्यात नुसतं पेट्रोल थांबतं, तिच्यात परत मिळतं.”

तात्या खेड शिवापूरचा टोल येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “आनि बॅटरी आदीच फुल्ल आसली, आन् फुडं घाट आला, तर उतरायचं कशावर?”

मी भाच्याला फोन लावला. त्याने पाच मिनिटं मागितली.